चोरायचा मनी प्लांट

ऐरोलीतल्या आमच्या सोसायटीत माझ्या बागेला सगळे जंगल म्हणतात. तळमजल्यावर आमच्या स्वयंपाकघराचं मागचं दार उघडलं की कंपाउंडच्या भिंतीपर्यंत चार पावलांची जागा. तेवढ्यात जंगल बसवलं म्हणजे कमालच केली मी. अळू, कढीपत्ता, जास्वंद, गवती चहा आणि पाइपावरून वर चढलेला मनी प्लांट. डास होतात म्हणून हे सगळं तोडायचं मीटिंगमध्ये ठरतं, आणि मीटिंग संपली की तीच माणसं गवती चहा मागायला येतात. मी काही बोलत नाही. चार माणसांत मला बोलताच येत नाही, म्हणून सगळे मला समजूतदार म्हणतात.

पहिल्या मजल्यावरच्या ताई इतक्या वर्षांत माझ्याशी ‘पाणी आलं का’ यापलीकडे बोलल्या नव्हत्या. त्यांच्या गॅलरीतून बागेला मात्र रोज काही ना काही मिळायचं. चहाचा चोथा, केसांचा गुंता, एकदा तर अख्खा कंगवा. खत म्हणून टाकत असतील. भिंतीवर भारद्वाज येऊन बसला की त्या वरून हात जोडायच्या. भारद्वाज दिसणं शुभ. खाली मी भांडी घासत असायची. मी दिसणं कशातच मोडत नव्हतं.

मागच्या उन्हाळ्यात बुलबुलाने मनी प्लांटच्या वेलात घरटं केलं. पिल्लं निघाली तशी मी भांडीसुद्धा आवाज न करता घासू लागले. घरच्या माणसांसाठी एवढं कधी केलं नव्हतं.

एका दुपारी खिडकीतून बघते तर ताई कात्री घेऊन मागे आलेल्या. मनी प्लांट मागून आणला तर लागत नाही, चोरूनच आणावा लागतो, असं लोक म्हणतात. मी पटकन पडद्यामागे लपले. चोर बाहेर उजळ माथ्याने उभा आणि घरमालकीण लपलेली. त्यांनी एक लांब वेल कापला. दुसऱ्या वेलाला हात घातला, त्याच्याच मागे घरटं. मग मला राहवेना. दारात गेले आणि तोंडातून आलं, “ताई, तिकडून नको. इकडून चोरा.”

त्या दचकल्या नाहीत, चिडल्या. “तुम्ही कशाला बाहेर आलात वहिनी? आता ही चोरी राहिली का?”

“तिथे पिल्लं आहेत.”

त्यांनी वाकून बघितलं. तीन उघड्या चोची. मग हळू आवाजात म्हणाल्या, “बरं, इकडून घेते. तुम्ही आत जा. बघू नका हां.”

मी आत जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. माझ्याच घरात.

पण पहिला वेल गेला होता आणि घरटं एका बाजूने उघडं पडलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी भारद्वाज भिंतीवर न बसता थेट पाइपावर आला. त्याचं शुभ काय असतं ते तेव्हा कळलं. मी पिठाच्या हातांनी दाराकडे धावले, तोवर वरून एक चप्पल आली.

“मेल्या, एवढ्याशा लेकरांवर येतोस?”

मागोमाग दुसरी चप्पल. ती अळवात पडली. भारद्वाज भिंतीपलीकडे गेला आणि ताई अनवाणी खाली आल्या. पिल्लं मोजली, तिन्ही होती. मग मात्र त्यांचा चेहरा उतरला.

“वहिनी, भारद्वाजच होता ना तो?”

“हो.”

“शुभ असतो हो.”

“पिल्लांना नसेल,” मी म्हटलं आणि चपला धुऊन दिल्या.

मग आम्ही मोकळ्या बाजूला माझी जुनी साडी बांधली आणि ताई पालथ्या बादलीवर पहाऱ्याला बसू लागल्या. बसल्या बसल्या अळूला पाणी जास्त होतंय, जास्वंद छाटा, हे जंगल जरा आवरा, असं सगळं त्यांनी मला शिकवलं. पिल्लं उडाली त्या दिवशी रिकामं घरटं बघून त्या म्हणाल्या, “माझ्यामुळे वाचली हो.” मी हो म्हटलं. वेल कोणी कापला होता, तो विषय काढला नाही.

त्यांचा मनी प्लांट सुकला. मी बघितलं म्हणून.

“उद्या दुपारी परत चोरायला येते.”

“या. चहा टाकते.”

“चहा नंतर. आधी तुम्ही झोपलेल्या पाहिजेत.”

अजून एकही वेल त्यांच्याकडे जगलेला नाही. त्यामुळे दुपारी आधण ठेवायचं, मागच्या दाराची कडी काढायची आणि डोळे मिटून पडायचं, हे माझं काम. चोरी उरकून आत येताना गवती चहा त्याच खुडून आणतात. तो मागितला तरी चालतो, पण आता चोरीवर त्यांचा हात बसलाय.