शेजाऱ्याची कॅसेट

२०१७ साल. माझं वय सदुसष्ट. येरमाळ्यात हमरस्त्याला माझं ढोलक्या मढवायचं दुकान. शेजारी पंक्चरवाल्यानं टपरी टाकली आणि माझ्या कानांची वाट लागली.

माणूस चाळिशीतला. ट्यूबच्या काळ्या हातानंच भाकर खायचा, पण कॅसेटीला हात लावायचा तर आधी कोपरापर्यंत साबणानं धुवायचा. तुम्हाला वाटेल, भजनाची असेल. कसली! इंग्रजी. पत्र्यावर पत्रा घासावा तसं वाजायचं, आणि गाणारा दारात पाय चेमटल्यासारखा बोंबलायचा.

"हे काय लावलंस रं? जनावर कापायलेत व्हय?"

"थ्रॅश मेटल म्हणत्यात, नाना. पुण्याला कारखान्यात होतो तवापसनं सांभाळलीय. पुरी ऐका."

"पुरी ऐका" हे त्याचं पालुपद. मधलंच एखादं गाणं कधी लावायचा नाही. कायम पहिल्यापासून.

ढोलकी चढवताना दोरी ओढायची, टिचकी मारायची, कान लावायचा. माझं पोट त्या कानावर. एक दिवस धाराशिवचा गडी ढोलकी परत घेऊन आला. त्या दणदणाटात मी ती भलतीच चढी आवळली होती. चारचौघांत म्हणाला, "नाना, कान गेले का?"

उभ्या जन्मात मला असं कुणी बोललं नव्हतं. हातोडी घेऊनच शेजारी गेलो. त्यानं आधी टेप बंद केला.

"तुमी नुसतं बोट वर करा, नाना. म्या बंद करतो. पर एकदा पुरी ऐकायची."

"मेल्यावर ऐकतो."

बोट वर केलं की तो खरंच बंद करायचा. गाणं ऐन भरात असलं तरी. तोंड वाकडं करायचा नाही. मी मात्र ऐकायचं टाळत राहिलो.

मग रस्ता रुंद व्हायला लागला. त्याची टपरी पुढं होती, ती गेली. तो भूमला सासुरवाडीकडं निघाला. सामान टेम्पोत चढलं, टेप तेवढा राहिला. त्यानं माझ्याकडं बघितलं.

"लाव तुझी घाण," मी म्हणालो.

तो हात धुऊन आला. मी टायरवर बसलो. आधी बारीक तारेचा सूर निघाला, सभ्य माणसासारखा. वाटलं, सुधरले. तेवढ्यात सगळं अंगावर कोसळलं. मी थुंकलो. मधे एक बिनगाण्याचं, नुसतं वाजवणं होतं. त्यात ढोलवाला दोन्ही पायांनी असा पळत होता, की कुठं चुकतोय म्हणून मी टपून बसलो. चुकला नाही हरामखोर.

हा समोर डोळे मिटून. एकदाच उघडले, मी बसलोय का ते बघायला.

"कसं वाटलं, नाना?"

"घाण."

"पर उठला न्हाईत."

कॅसेट रुमालात गुंडाळली, माझ्या पाया पडला आणि टेम्पोत बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं. ढोलकी मांडीवर घेतली, दोरी ओढली, आणि टिचकी मारायच्या आधी शेजारच्या मोकळ्या जागेकडं बघून बोट वर केलं.