टॉवेलसाहेब

आमच्या साहेबाच्या अंगावर चिंधी नसायची. सहा फुटी, दाढीवाला, पोट सुटलेला, आणि पूर्ण नागडा. कोरोनात भर पडली ती एवढीच, की तोंडाला मास्क आला. खांद्यावर टॉवेल मात्र कायम, म्हणून मी त्याला टॉवेलसाहेब म्हणायचो. हॉलंडात नायमेखन गावाबाहेरच्या झाडीत त्याचा कॅम्प होता. लोक तिथं कपडे काढून राहायला यायचे आणि वर पैसे मोजायचे.

मी राबत होतो ती विद्यापीठाची खानावळ बंद पडली, तेव्हा मी या कॅम्पात स्वयंपाकाला गेलो. मुलाखतीला साहेब समोर तसाच. मी छताकडं बघत बसलो.

"छत गळतंय का?" त्यानं विचारलं.

"नाही साहेब, पण बाकी सगळीकडं तुम्हीच दिसताय."

नोकरी पक्की झाली.

कपडे फक्त नोकरांनी घालायचे, हा तिथला नियम. एक तर गरम तेलापाशी उघडं अंग नको, आणि कॉफी कुणाकडं मागायची ते पाहुण्यांना कळलं पाहिजे. जगात कपड्यांवरून साहेब ओळखतात, इथं नोकर. पण माणसं टिकायची नाहीत. कुणी दुपारपर्यंत खिदळायचं आणि पळायचं. कुणी गुपचूप फोटो काढायचं, त्याला साहेबच हाकलायचा. मग माझ्यापाशी येऊन रडगाणं, "तूही गेलास तर मला पँट घालून शेगडीपुढं उभं राहावं लागेल!" फाशी झाल्यासारखा चेहरा. टिकावं म्हणून पगार वाढवायचा की नाही? छे! म्हणे, तलावात फुकट पोहा. तेही कपडे काढून. मी म्हटलं, राहू दे.

घरी बायकोला सगळं सांगायचो. ती पोट धरून हसायची. तिला एकच काळजी, "अहो, पण ते लोक बसतात कशावर?"

"टॉवेलवर. अंथरल्याशिवाय बूड टेकायचं नाही."

"मग ठीक. खुर्च्या तरी पुसायला लावत नाहीत ना तुम्हाला?"

कोरोनानं तीच गेली. दवाखान्यात काचेतून दाखवली, तेवढीच. माझं मनच उठलं. साहेबाला निरोप धाडला, आता येत नाही.

अंत्यविधीला मोजकीच माणसं घेत होते. दारात मुलगा यादी घेऊन उभा. काळ्या सुटातला, मास्कवाला एक म्हातारा आला.

"बाबा, हे कोण?"

मी निरखून पाहिलं. "माहीत नाही. यादीत नसेल तर बाहेर थांबव."

म्हातारा बाहेरच्या बाकापाशी गेला, पिशवीतून टॉवेल काढला, नीट अंथरला आणि सूट सावरत त्यावर बसला.

वर्षभर ज्याचा तीळ न् तीळ बघितला, त्याला मी कपड्यांत ओळखलं नव्हतं.

सगळं उरकेपर्यंत तो तिथंच होता. मी पुढ्यात जाऊन उभा राहिलो, तर म्हणाला, "बघ, तू येत नाहीस म्हटल्यावर घालावी लागली ना पँट?"

मी हसलो. तिला पोचवून आलो होतो आणि हसलो. मग काय ते रडलो. त्यानं बाजूला सरकून मला टॉवेलवर जागा केली.

सोमवारी कामावर गेलो. तो होता तोवर सोडलं नाही. आता तोही नाही.

एवढंच तिला सांगायचं राहून गेलं. अगं, सूट घातला तरी तो टॉवेलवरच बसतो.