टक् वाजेपर्यंत

माझ्या भासऱ्यांशी, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाशी, लग्न झाल्यापासून मी एक शब्दही बोलले नव्हते. भांडण नव्हतं हो काही. आमच्याकडे रीतच तशी. भासरा दिसला की डोक्यावर पदर, नजर खाली, आणि काही सांगायचंच असेल तर मधे कोणाला तरी धरायचं. कोणी नसलं तर भिंतीकडे तोंड करून सांगायचं, "चहा ठेवला आहे म्हणा." ते बिचारे आमच्या अंगणात पाऊल टाकायच्या आधी खाकरायचे, म्हणजे मला पदर सावरायला वेळ मिळावा. इतक्या वर्षांत मी त्यांचा चेहरा धड पाहिला नसेल, पण ते खाकरणं शंभर माणसांत ओळखलं असतं.

बाकी मी तोंडाची फटकळ. अंगणवाडी चालवणाऱ्या बाईला मऊ बोलून भागत नाही. सरपंच असो की सुपरवायझर, मी कोणाला भीत नाही. पण भासऱ्यांपुढे माझी बोलती बंद. नवरा चिडवायचा, "साऱ्या गावाले वाघीण अन् माझ्या भावापुढं मांजर!"

गाव आमचं साकोली तालुक्यात, एकोडीच्या बाजूला. सगळीकडे धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरं, आणि मधे मधे बोड्या, म्हणजे शेतातली लहान तळी. बोडीच्या पाण्यावर आमचं धान, बोडीतल्या मासोळ्यांवर आमचं कालवण, आणि काही वर्षांआड त्याच बोडीत कोणाचं तरी लेकरू जायचं. मोठी माणसं कंबर वाकवून धानाची रोवणी करत असतात, लेकरू धुऱ्यावर, बांधावर, खेळत असतं, आणि मग एकदम कोणाच्या तरी लक्षात येतं की आवाज येईना. लेकरू पाण्याबाहेर काढलं की आमची माणसं एकच गोष्ट करायची. त्याचे पाय धरून उलटं टांगायचं आणि गरगर फिरवायचं. पोटातलं पाणी निघालं की जीव परत येतो, असं आजापणजापासून चालत आलेलं. फिरवून एखादं उठलं असेल कधी, त्याची गोष्ट सगळे सांगतात. जी उठली नाहीत त्यांची कोण सांगतो?

त्या वर्षी उन्हाळ्यात साकोलीहून एक नर्सताई आली. कोवळी पोर, माझ्या मुलीच्या वयाची. विहाराच्या हॉलमध्ये आम्हा बायांना गोळा केलं आणि पिशवीतून एक रबरी बाहुली काढून सतरंजीवर ठेवली. नुसतं डोकं आणि छाती, हात नाहीत की पाय नाहीत. मग आमच्या गावची सगळ्यात म्हातारी बाई पुढे सरकली आणि म्हणाली, "इचे पाय कुठी गेले वं?"

हसू आवरता आवरेना कोणाला. नर्सताईही हसली. मग तिनं सांगितलं की बुडालेल्या लेकराला फिरवायचं नाही, पोट दाबायचं नाही, त्यात नुसता वेळ जातो. आडवं ठेवायचं, तोंडातला चिखल काढायचा, नाक धरून तोंडात तोंड लावून श्वास द्यायचा, आणि छाती दाबायची. जोरात, भराभर. नीट दाबलं की बाहुलीच्या आतून टक् असा आवाज यायचा. टक् नाही वाजलं तर दाबणं फुकट.

आमच्यापैकी एकीचंही टक् वाजेना. धान कांडून हात दगडासारखे झालेल्या बाया आम्ही, पण लेकराच्या छातीवर जोर द्यायची वेळ आली की मनगटातली ताकदच निघून जायची. "दुखन नं तिले," असं जी ती म्हणायची. म्हातारीनं तर नर्सताईलाच झापलं, "कोणाचं लेकरू आहे म्हणून असं मारतेस? उघडं टाकलं भुईवर, ना झबलं, ना तीट." आणि खरंच काजळाची डबी मागवून तिनं बाहुलीच्या गालावर तीट लावली.

नर्सताई म्हणाली, "आजी, बरगडी मोडली तर जुळते. श्वास गेला तर कुठून आणता?"

बोलणं पटलं, पण हात काही ऐकेना. शेवटी ती मला म्हणाली, "बाई, रोवणीनंतर मला ही लाखांदूरला न्यायची आहे. तोवर तुमच्याजवळ ठेवा. हात बसवा."

अंगणवाडीत बाहुली आली आणि लेकरांनी तिला आपली करून टाकली. मी जुन्या साडीचा फ्रॉक शिवला, पायांच्या जागी खाली नुसती झालर. लेकरं तिला खिचडी भरवत, तिच्याशी भांडत, तिला पाटी दाखवत. सगळ्यात पुढे भासऱ्यांचा नातू. नुकताच अंगणवाडीत यायला लागलेला, महा वांड, एका जागी बसेल तर शपथ. घरी मी त्याची आजी आणि अंगणवाडीत बाई, म्हणून त्यानं स्वतःच माझं नाव ठेवलं होतं, बाईआजी. खिचडी झाली की तो बाहुलीच्या छातीला कान लावायचा आणि ओरडायचा, "बाईआजी, दाब!" मी दाबायची. टक् वाजलं की पोट्टा टाळ्या पिटायचा. नाही वाजलं की तोंड वाकडं करायचा. खरं सांगते, माझा हात बसला तो त्याच्या टाळ्यांसाठी.

रोवणी आली. त्या दिवशी दुपारी अंगणवाडी बंद करून मी चहाची किटली घेऊन शेतावर गेले. भासऱ्यांची बांधी आमच्या बांधीला लागून. त्यांची सून गुडघाभर चिखलात रोवत होती, माझी जाऊ पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, जुड्या पुरवत होती. नातू धुऱ्यावर खेकडे शोधत होता म्हणे. मी पोचले तेव्हा सून उभी राहून हाक मारत होती, आणि दुसऱ्या हाकेला तिचा आवाजच बदलला.

बांधीच्या दुसऱ्या टोकाला असलेले भासरे धावत आले आणि अंगावरच्या कपड्यांनिशी त्यांनी बांधीलगतच्या बोडीत उडी घेतली. एकदा खाली गेले, रिकाम्या हातानं वर आले. परत गेले. वर आले तेव्हा त्यांच्या हातात तो होता. मान लुळी, ओठ निळे.

त्यांनी काठावर येऊन त्याचे पाय धरले आणि फिरवायला लागले. बाजूच्या बांध्यांतून माणसं धावत आली. "फिरवा! अजून फिरवा! निघन पाणी!" त्याचे दोन्ही हात हवेत लोंबकळत होते. आणि मी काय केलं असेल? मी जावेचा दंड धरून म्हटलं, "अवं, त्याइले सांग, फिरवू नका म्हना."

म्हणजे पाहा! लेकराचा जीव चाललेला आणि मी निरोप पाठवून राहिले. जाऊ बिचारी ऊर बडवत होती, तिला काय ऐकू येणार? मी आजूबाजूला पाहिलं. माझा निरोप नेणारं कोणीच नव्हतं.

किटली कुठे टाकली ते मला आजही आठवत नाही. "सोडा त्याले! खाली ठेवा म्हणते नं मी!" मी अशी ओरडले की भासरे जागीच थांबले. शब्द कळले नसतील त्यांना. भिंतीला सांगितलेलं सोडलं तर माझा आवाज त्यांनी पहिल्यांदा ऐकला होता, तोही असा. मी त्यांच्या हातातून लेकरू हिसकावलं आणि धुऱ्यावरच्या कडक मातीवर निजवलं.

तोंडात बोट घालून गाळ काढला. नाक धरलं. तोंड लावून फुंकलं, तर छाती इवलीशी वर आली. परत फुंकलं. मग दाबायला लागले. डोक्यावरचा पदर कुठल्या कुठे गेला.

आणि टक् वाजेना. खऱ्या लेकराची छाती वाजत नाही हे मला ठाऊक नव्हतं का? होतं की. पण त्या घडीला मी त्या आवाजाचीच वाट पाहत होते. शेवटी मीच तोंडानं टक् टक् म्हणत दाबायला लागले. हाताखाली त्याच्या कोवळ्या बरगड्या लागत होत्या. माय वं, तसं काही कोणाच्या हाताखाली न येवो.

"मारून राहिली वं लेकराले!" कोणीतरी ओरडलं. एकानं माझा खांदा धरून मागे ओढलं. तेव्हा माझ्या पाठीमागून भासऱ्यांचा आवाज आला, "हात नोको लावू तिले. करू दे."

मी फुंकत होते, दाबत होते. किती वेळ ते मला विचारू नका. डोळ्यांतलं पाणी त्याच्या छातीवर पडत होतं आणि तिथंच माझे हात घसरत होते. आता संपलं, असं मनात आलं, आणि त्याच वेळी तो खोकला. एवढासा खोकला. मी त्याला कुशीवर वळवला, तर भडाभडा पाणी आणि दुपारची खिचडी बाहेर आली. मग त्यानं श्वास ओढला आणि जे भोकाड पसरलं की काय सांगू! माझ्या अंगणवाडीत रोज दहा लेकरं रडतात आणि मी रोज डोकं धरून बसते. त्या रडण्याचे मात्र मी तोंड भरून मुके घेतले.

गावात लगेच सुरू झालं, "उठला नं आता, कायले दवाखाना?" नर्सताईनं बजावून सांगितलं होतं की उठलं तरी न्यायचंच, छातीत पाणी राहतं. मी साऱ्यांशी भांडले. "ज्याले यायचं नाही त्यानं येऊ नका, पण लेकरू साकोलीले जाईन!" अ‍ॅम्ब्युलन्स डांबरी रस्त्यापर्यंत आली. आत सुनेच्या मांडीवर लेकरू, त्याच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, आणि समोरासमोर मी आणि भासरे, दोघंही चिखलानं माखलेले. ते पूर्ण वाटभर नातवाच्या छातीकडे पाहत होते, ती वर येते का, खाली जाते का.

डॉक्टर म्हणाले, आणलं ते बरं केलं, आज घरी ठेवला असता तर रात्रीतून श्वास अडकला असता. त्याला तिथंच ठेवून घेतला. ते ऐकलं आणि मग मी बाहेर आले. व्हरांड्यातल्या बाकड्यावर बसून मी हातांवरचा वाळलेला चिखल खरवडत राहिले. तेवढ्यात मागून ओळखीचं खाकरणं आलं. भासऱ्यांनी चहाचा कप बाकड्याच्या टोकावर ठेवला आणि तोंड फिरवून दूर जाऊन उभे राहिले. मी पदर घेतला आणि चहा प्याले. आम्ही दोघंही परत आपापल्या जागी.

नातू घरी आला, आठवडाभर लाडावला आणि मग परत अंगणवाडीत खेकड्यांच्या गोष्टी सांगायला लागला. नर्सताई बाहुली न्यायला येणार होती त्या दिवशी दुपारी लेकरं गेलेली होती. हा एकटा आजोबांची वाट पाहत थांबला होता, बाहुलीचा फ्रॉक नीट करत. भासरे दारात आले. खाकरले नाहीत. मी पदराकडे हात नेईपर्यंत ते आत येऊन बाहुलीसमोर मांडी घालून बसलेही होते.

"मले बी शिकव, बाई," ते म्हणाले. भिंतीला नाही, मला.

मला हाक मारायला नाव सुचेना. इतक्या वर्षांत त्यांना काय म्हणायचं ते कधी ठरवलंच नव्हतं. मी त्यांचा हात बाहुलीच्या छातीवर कुठे ठेवायचा ते बोटानं दाखवलं. नांगर धरलेला हात तो, पण नुसता टेकला. "जोरानं," मी म्हटलं. त्यांनी थोडं दाबलं. काही वाजलं नाही. "आबा, जोरानं!" नातू त्यांच्या पाठीवर चढून ओरडला. त्यांनी डोळे मिटले आणि दाबलं. टक् वाजलं. पोट्ट्यानं टाळ्या पिटल्या.

भासऱ्यांनी हात तसाच ठेवला आणि पहिल्यांदा माझ्याकडे सरळ पाहिलं. म्हातारे झाले होते ते, मला कधी दिसलंच नव्हतं.

"इतक्या जोरानं दाबलं होतंस त्याले?"

"हो."

त्यांनी नातवाला ओढून पुढ्यात घेतलं आणि त्याच्या सदऱ्यावरून छातीवर हात फिरवला.

"दुखलं असन नं वं त्याले."

"दुखलं म्हणून तं रडला, भाऊजी," मी म्हटलं.