सोमीबाईकडचा डबा

अंबडच्या कारखान्यातले पंप टेम्पोत घालून प्रफुल्ल गावोगाव पोचवतो. ज्या गावचं पाणी प्यायचं, तिथलंच खायचं, हा त्याचा नेम. सटाण्यात शेवभाजी, कळवणला मिसळ आणि सुरगाण्याला सोमीबाईच्या खाणावळीत नागलीची भाकर.

अडचण एकच. त्याची बायको उज्वला बाहेरच्या खाण्याच्या नावानं बोटं मोडायची आणि पहाटे उठून डबा भरून द्यायची. अन्न टाकणं प्रफुल्लच्या जिवावर यायचं आणि भरला डबा परत नेला तर घरात महाभारत. मग सुरगाण्याला तो डबा सोमीबाईपुढे सरकवायचा. रोज भाकरी थापून विटलेली म्हातारी गव्हाच्या पोळ्या मिटक्या मारत खायची. घासलेला डबा बघून उज्वला खूश.

परवा उज्वला हट्टानं टेम्पोत बसली. सोमीबाईनं तिच्या हातातला डबा लगेच ओळखला.

"तूच का गं ती? पोळ्या लय मऊ करतेस. भाजीत मीठ तेवढं जास्ती व्हतं."

उज्वला लालबुंद झाली. पण ताटातली भाकर तिनं संपवली, वर अर्धी मागून घेतली. परतीच्या वाटेवर ती खिडकीतून एकेक गाव निरखत राहिली. प्रफुल्लला मात्र शिव्यांपेक्षा तेच लागलं. इतक्या गावांच्या चुली त्यानं पाहिल्या. हिनं आपल्या ओट्यापलीकडची आज पहिल्यांदा पाहिली.

पुढच्या फेरीला डबा तयारच होता.

"मीठ बेतानं घातलंय, सांगा त्यांना," उज्वला म्हणाली. "आणि खबरदार, डबा रिकामा आणाल तर! मला भाकर हवीय."