टॉवरमधला डोमकावळा

आधीच सांगून टाकते, भूत-प्रेत, शकुन-अपशकुन यातलं मी काही मानत नाही. सतरा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये काढली आहेत. जे पुन्हा घडवून दाखवता येत नाही, त्याला मी साधा बगसुद्धा म्हणत नाही. तरीही हे लिहितेय... वाचून हसलात तरी चालेल.

मी लंडनजवळ वॉटफर्डला राहते. भारतातून पाहुणे आले की त्यांना लंडन फिरवायचं खातं माझ्याकडे. बिग बेन, राजवाडा, पूल आणि शेवटी टॉवर ऑफ लंडन — तिथे राजघराण्याचे मुकुट ठेवलेत म्हणून. आमच्या आईला हे सगळं बघायचं होतं. त्या मुकुटांचे फोटो तिने पेपरातून कापून ठेवले होते. ती पुण्याला दादाकडे असायची. मी इथून सगळे कागद पाठवले, तिने बोटांचे ठसे दिले आणि तीन आठवड्यांनी दादाचा फोन आला — व्हिसा नाकारला. मागून आईने फोन घेतला, म्हणाली, "पुन्हा अर्ज करशील ना गं?" मी म्हटलं, बघू. सात महिन्यांनी ती गेली.

दहाव्याला घाटावर कावळा शिवेना. गेलेल्या माणसाची इच्छा राहिली असली की असं होतं म्हणतात. मग घरचे हात जोडून एकेक कबूल करत जातात. दादाने मुलांचं नीट करीन म्हणून सांगितलं, मी वर्षश्राद्धाला येईन म्हटलं, मावशीने स्वतःच्या मनाने आणखी काय काय सांगितलं. दोन तास झाले. समोरच्या झाडावर कावळे बसलेले, पण एक खाली येईल तर शपथ. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. मला वाटलं, एवढ्या उन्हात कावळे तरी कशाला येतील.

बाराव्या दिवशी आईचं आधारकार्ड शोधताना दादाच्या कपाटात तिचा पासपोर्ट सापडला. आत व्हिसा चिकटवलेला. सहा महिन्यांचा, न वापरता संपलेला.

तळपायाची आग मस्तकात गेली. पण घर पाहुण्यांनी भरलेलं होतं. पासपोर्ट पर्समध्ये टाकून इकडे घेऊन आले. वर्षभराने दादाला अगदी प्रेमाने बोलावलं — ये, लंडन बघून जा. त्याचा व्हिसा बरा वेळेवर हातात आला. त्या मुकुटांसमोर त्याला उभं करायचं आणि आईचा पासपोर्ट उघडून नाकासमोर धरायचा, असं मी ठरवलं होतं. खोटं कशाला बोलू, मला त्याचा चेहरा पडलेला बघायचा होता.

एप्रिलची दुपार होती. मुकुटांची रांग मोठी होती म्हणून आधी हिरवळीजवळच्या बाकावर बसून डबा उघडला. दहीभात, आईच्या पद्धतीचा. टॉवरमध्ये डोमकावळे पाळलेले आहेत, कोंबड्याएवढे. त्यातला एक, पायात पिवळी पट्टी असलेला, सरळ चालत आला आणि दादासमोर उभा राहिला. पक्ष्यांना खायला घालू नका अशी पाटी होती, पण दादाने घाबरून बाकाच्या कडेला एक घास ठेवला. पक्षी घासाकडे बघेना. दादाकडेच बघत राहिला.

आम्ही उठून दुसऱ्या बाकावर गेलो. तो मागे आला. दादा भिंतीपाशी गेला, तो तिथेही. लोक हसून व्हिडिओ काढायला लागले. लाल काठाच्या निळ्या गणवेशातला रखवालदार म्हणाला की हा माणसांच्या जवळपाससुद्धा फिरकत नाही, याला आज झालंय काय. दादा घामाघूम होऊन पहिल्याच बाकावर परत येऊन बसला; घास तिथे तसाच होता. आणि मला, सांगते ना, मनापासून बरं वाटत होतं.

मी पासपोर्ट काढून त्याच्या मांडीवर ठेवला. म्हटलं, "दादा, घाटावर राहिलं होतं ते आता बोल."

दादाने व्हिसाचं पान उघडलं. मग पक्ष्याकडे बघून, हात जोडून म्हणाला, "आई, तुझा व्हिसा आला होता. पोराची दहावी होती, घर कोण बघणार म्हणून मीच दडवला." आणि रडायला लागला. चोपन्न वर्षांचा माणूस, भर गर्दीत.

डोमकावळ्याने दादाजवळचा घास उचलला आणि गिळला.

मला वाटलं, संपलं. मी डब्याचं झाकण लावायला घेतलं तर तो तीन पावलं चालत आला आणि माझ्यासमोर उभा राहिला. मी हसून माझ्या बाजूला एक घास ठेवला. शिवला नाही. टॉवर बंद होईपर्यंत तसाच उभा होता.

इथल्या कुठल्याही मराठी माणसाला विचारा, व्हिसा नाकारला तर कारणांचं पत्र येतं. त्या पत्राशिवाय दुसरा अर्ज करायला कुणी बसत नाही. मला हे पक्कं माहीत होतं. ते पत्र मी दादाकडे एकदाही मागितलं नाही. तेव्हा सासू-सासरे नुकतेच चार महिने राहून गेले होते, आणि व्हिसा नाकारल्याचा दादाचा फोन ठेवल्यावर मला हायसं वाटलं होतं.

दादा परत गेला. मी टॉवरचा वर्षाचा पास काढला. आतापर्यंत पाच वेळा जाऊन आले, पाचही वेळा तोच पिवळ्या पट्टीचा पक्षी येऊन समोर उभा राहिला. माझा नवरा म्हणतो, डोमकावळे माणसांचे चेहरे लक्षात ठेवतात. ठेवत असतील. पण मग पहिल्याच दिवशी त्याने दादाला कसं ओळखलं?

दर वेळी दहीभात नेते, बाजूला घास ठेवते. काय बोलायचं ते मला ठाऊक आहे. इथे तुमच्यासमोर लिहिलंसुद्धा. तिथे त्याच्यासमोर हात जोडले की तोंडातून शब्द फुटत नाही, आणि घास तसाच राहतो.