फोटो कोणी दिला

बारावीचे आणि डॉक्टरकीच्या परीक्षेचे निकाल लागले की लातूरच्या चौकांत क्लासवाल्यांचे मोठमोठे बोर्ड लागतात. बोर्डांवर पास झालेल्या मुलामुलींचे चेहरे. माझा स्टुडिओ त्याच रस्त्याला. अब्बांनी टाकलेला, पुढं मी आणि धाकटा भाऊ मिळून चालवायचो. फोटो मी काढायचो, कॉम्प्युटर तो सांभाळायचा.

एका सकाळी मी शटर वर करत होतो, तेवढ्यात एक बाई पुढं आली. मागं तिची मुलगी, मान खाली घातलेली. मुलगी मी ओळखली. परीक्षेच्या अर्जासाठी माझ्याकडेच पासपोर्ट फोटो काढून गेली होती.

"माझ्या लेकीचा फोटो कुनाला दिला तुमी?" बाईनं विचारलं.

"कुणालाच नाही, ताई."

"मग चौकात कसा लागला? त्या क्लासची पायरी चढली न्हाई माझी पोरगी. कॉलेजात शिकली, होस्टेलात राहिली, आपल्या हिमतीवर पास झाली. आता गाव इचारायलंय, क्लास लावला तर खोटं कामून बोलता म्हनून."

मी चौकात जाऊन पाहिलं. फोटो माझाच होता. मागचा निळा पडदा माझा, आणि ओढणीची पिन डाव्या खांद्यावर तिरकी. ती सरळ करायला सांगायचं माझ्याकडूनच राहून गेलं होतं.

बाई किल्लारीजवळच्या एका गावची होती. ते ऐकून मला जास्तच लागलं. भूकंपानंतर तिसऱ्या दिवशी मी त्या भागात कॅमेरा घेऊन गेलो होतो. तेव्हा एका म्हाताऱ्यानं माझ्या अंगावर ढेकूळ फेकलं होतं. "मड्याचे फोटो इकतो का रे?" असं ओरडला होता. मी एकही फोटो न काढता परतलो होतो. त्यानंतर आयुष्यभर एक गोष्ट जपली, विचारल्याशिवाय कुणाचा फोटो कुणाला द्यायचा नाही.

मी दिला नव्हता. मग उरला कोण?

भाऊ त्या महिन्यात क्लासच्या माणसांबरोबर चहा प्यायला जात होता. बोर्डाच्या डिझाइनचं काम मिळतंय का बघतोय, म्हणायचा. आता तो चहा मला वेगळाच दिसायला लागला. त्याचा फोन वाजला की मी कान द्यायचो. तो बोलायला बाहेर गेला की काचेतून त्याच्या ओठांकडं बघायचो.

जुम्म्याला तो नमाजला निघाला. गिऱ्हाईक यायचंय असं खोटं सांगून मी मागं राहिलो आणि त्याचा कॉम्प्युटर उघडला. मुलीचा फोटो जिथं असायला हवा तिथंच होता. कुणाला पाठवल्याची खूण कुठंच नव्हती. एवढ्यानं माझं समाधान व्हायला हवं होतं. उलट मनात आलं, पुसून टाकलं असेल.

भाऊ परत आला, खुर्चीवर बसला आणि थांबला.

"भाई, मेरी खुर्ची नीची कौन किया?"

मी काउंटरवरचे पासपोर्ट फोटो कापायला घेतले.

"तुमकू मेरेपे भरोसा नै?"

"मग तो फोटो गेला कसा, तूच सांग," मी म्हणालो.

त्यानं त्याच्याकडची दुकानाची किल्ली माझ्यापुढं ठेवली आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही. चार दिवसांनी कळलं, नांदेडला सासुरवाडीत गेलाय.

मी बाईची माफी मागायला एसटीनं तिच्या गावी गेलो. पुनर्वसनातलं गाव, सरळ गल्ल्या, सारखीच घरं. बाईनं पाणी दिलं, बसा म्हणाली नाही. भावाचं नाव घेण्यासाठी मी तोंड उघडणार, तेवढ्यात तिचा नवरा उठला. "चला, थांब्यापर्यंत सोडतो."

वाटेत उसाच्या बांधाशी तो थांबला.

"फोटो म्या दिलता, अर्जाला लावून उरलेला घरात पडला व्हता. क्लासवाले पेढे घेऊन आलते. म्हनले, पोरगी चौकात झळकंल. मला लई बरं वाटलं हो. हिला सांगायचं धाडस न्हाई झालं."

"आणि मी दुकानात शिव्या खाल्ल्या त्या?"

"चुकलं. आज सांगतो तिला."

माझा विश्वास बसला नाही. पण त्यानं सांगितलं. पुढच्या आठवड्यात नवराबायको मिळून क्लासच्या कचेरीत गेले, आणि बोर्डावर त्या मुलीच्या चेहऱ्यावर पांढरा कागद चिकटवून घेतला. जाताना बाई दुकानात डोकावली. "दादा, तुमाला उगं बोलले," एवढंच म्हणाली.

मी नांदेडला गेलो. भाऊ एका फोटोवाल्याकडं लग्नाचे अल्बम लावत बसला होता. सगळं सांगितलं, माफी मागितली, घरी चल म्हणालो. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"वो आदमी नै बोलता तो?" त्यानं विचारलं.

उत्तराची वाट न बघता त्यानं चहा मागवला, अम्मीच्या गुडघ्यांची चौकशी केली, मला स्टँडवर सोडायलाही आला.

पुढं त्यानं नांदेडातच स्वतःचा स्टुडिओ टाकला. ईदला लातूरला येतो, माझ्या मुलांचे फोटो काढतो, माझ्या ताटात जेवतो. दुकानात मात्र पाय ठेवत नाही. मीही कधी आग्रह केलेला नाही.