जावेच्या तळ्यातले शिंपले

माझ्या धाकट्या जावेचं शेततळं नितळ झालं, तेव्हापासून माझं पोट दुखायला लागलं ते अजून थांबलेलं नाही.

ओझरच्या अलीकडे आमच्या द्राक्षबागा. दोघा भावांच्या वाटण्या झाल्या तशी तळीही दोन झाली, मध्ये फक्त एक बांध. सासऱ्यांना आम्ही सगळेच आबा म्हणतो. ते राहतात आमच्याकडे, आणि संध्याकाळी खुर्ची टाकून आमच्याच तळ्याच्या काठी बसायचे. बोलायचे फारसे नाहीत, पण गुरांचं आवरताना मला समोर दिसायचे. या घरातली थोरली मी आहे, हे मला तेवढ्यावरून कळायचं.

जाऊ कोकणातली, खाडीकाठची. गेल्या वर्षी तिच्या भावाच्या लग्नाला आम्ही तिकडे गेलो. तिच्या माहेरच्या लोकांनी खाडीतली कालवं, म्हणजे खडकाला चिकटून वाढणारे खाण्याचे शिंपले, परत आणली होती. पूर्वी खरवडून खरवडून संपवलेली. मग त्यांनीच जाळीच्या पिशव्यांत रिकामे शिंपले भरून त्या ओहोटीच्या वेळी चिखलात रचल्या. त्यांवर कालवांची पिल्लं येऊन चिकटली, आणि कालवावर कालव बसत खडकासारखी लांबच लांब रांग तयार झाली. हे सगळं मला पाठ आहे, कारण परत आल्यावर आबांनी ते प्रत्येक पाहुण्याला सांगितलं. शहरात द्वारका चौकातल्या औषधाच्या दुकानात फवारणीचं सामान घ्यायला गेले, तर तिथेही सांगितलं.

"बोटाएवढा जीव, पण गढूळ पाणी आत घेतो अन् नितळ करून सोडतो! खेकडे, कोळंबी, बारके मासे, समदे त्याच्या कपारीत लपू राहिले. लाट त्याच्यावरच फुटती, म्हणून काठ ढासळत नाय. लय हुशार माणसं हे तिच्या माहेरची."

ती कालवं मीही पाहिली होती. मला चिखल दिसला, आणि माझी नवी चप्पल त्यात गेली.

कालवांना खारं पाणी लागतं, इथे ती जगणार नाहीत, हे जावेला ठाऊक होतं. म्हणून तिने गोदावरीच्या पात्रातले शिंपले वेचून आणले, द्राक्षांच्या क्रेटमध्ये वाळू भरून त्यात खोचले आणि क्रेट तळ्यात सोडले. मी नाक मुरडून नवऱ्याला म्हटलं, आता तिच्या तळ्यात शिंपल्यांची शाळा भरणार. पण दिवाळीपर्यंत तिचं हिरवंगार पाणी निवळलं. ठिबकच्या नळ्या तुंबायच्या थांबल्या. खंड्या पक्षी येऊन काठावर बसायला लागला. आणि एका संध्याकाळी आबा खुर्ची उचलून बांधापलीकडे गेले.

त्या दिवशी मी भाकऱ्या थापल्या, त्या शेजारच्या मळ्यातही ऐकू गेल्या असतील.

मग मीही ठरवलं. नवऱ्याला कारखान्यातून सुट्टी होती, त्याला गाडी काढायला लावली आणि नदीवरून पोतंभर शिंपले आणले. तसेच क्रेट, तशीच वाळू, फक्त सगळं तिच्यापेक्षा जास्त. थोड्याच दिवसांत तळ्याला असा वास सुटला की कुत्रंही तिकडे फिरकेना. सगळे शिंपले तोंड वासून मेले होते.

जाऊ बांधावरून आली. पाण्याकडे बघून म्हणाली, "ताई, तुम्ही यात मोरचूद टाकता ना?"

टाकते म्हणजे काय! बागेवर बुरशीसाठी बोर्डो मिश्रण फवारायला मोरचूद घरात असतंच. शेवाळ दिसलं की ते फडक्यात बांधून तळ्यात सोडायचं, ही आमच्याकडची रीतच आहे. शेवाळ मारणारं औषध शिंपलेही मारेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. जावेने ते केव्हाच बंद केलं होतं. पण तिला विचारायचं म्हणजे माझा जीव गेला असता.

तिने मला एका शब्दानेही दोष दिला नाही, याचाच मला जास्त राग आला. तिच्या सांगण्यावरून तळं उपसलं, धुतलं, पुन्हा भरलं. मग ती स्वतःचे निम्मे शिंपले घेऊन आली आणि माझ्या काठावर बसून क्रेटमध्ये खोचायला लागली. पलीकडे आबा तिच्या पाण्याकडे बघत बसले होते. हिने माझे आबा नेले आणि वर मलाच शिंपले देतेय, असं मनात आलं.

तीही तिकडेच बघत होती. "ताई, आबा तुमच्यावर ओरडतात ना?"

"ओरडतात म्हणजे? काल भाकरी करपली तर ताट ढकललं."

"माझ्यावर कधीच नाही. परवा चहात साखरेऐवजी मीठ पडलं माझ्या हातून. गुपचूप प्यायले आणि छान झालाय म्हणाले." तिचा आवाज बारीक झाला. "परक्याच्या घरी पितात तसे. इतकी वर्षं झाली लग्नाला."

मी तिला धीर द्यायला हवा होता. होतील हळूहळू मोकळे, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण मला इतका आनंद झाला होता, की तोंड उघडलं असतं तर हसूच फुटलं असतं. मी मान खाली घातली आणि तिच्यापुढचा क्रेट ओढून भराभर शिंपले खोचायला लागले.